रक्ताचा शर्ट एक नव्हे, तीन घ्या

थरारपटाचं शूटिंग क्रमाने होत नाही. खून सकाळी, खुनाआधीचा चहा संध्याकाळी. म्हणून बळीचा शर्ट एकसारखा तीनदा घ्या: कोरा, रक्ताळलेला आणि रिटेकचा. बडोद्यात मंगळबाजारात स्वस्तात मिळतील, पण तिन्ही एकाच फेरीत उचला. आठवड्याने तोच रंग मिळेलच असं नाही. फिकट सुती कापड घ्या, काळ्यावर रक्त दिसतच नाही.

रक्तासाठी एक वाटी लिक्विड ग्लुकोज (बेकरी सामानाच्या दुकानात मिळतं), पाव वाटी पाणी, अर्धा चमचा लाल खाद्यरंग. इथवर ते सरबतच दिसतं, पातळ थरात गुलाबी. चिमूटभर कोको पावडर पाण्यात कालवून घाला, मग ते गढूळ आणि खरं वाटतं. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज आली तर चेहऱ्यावर नको. पांढऱ्या भिंतीपासून लांब ठेवा, डाग निघत नाही. आणि हो, गोड असल्याने त्याला मुंग्या लागतातच.

सुरी पुठ्ठ्याची, वर चंदेरी कागद. जवळच्या शॉटसाठी खरी, पण धार घासून बोथट केलेली. खेळण्यातलं पिस्तूल दांडियाबाजारच्या रस्त्यावर काढण्याआधी पोलिसांची परवानगी घ्या. प्रत्येक शॉटनंतर डाग आणि बाह्यांचा मोबाईलवर फोटो काढा, म्हणजे पुढच्या शॉटला ते तसेच जुळवता येतील.