होडीच्या पंख्यात तंगूस अडकू नये म्हणून

उजनी धरणाच्या पाण्यात नवीन होडीवाला घाबरतो ओंडक्याला. ओंडका निदान दिसतो तरी. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी होडीची बहुतेक मशिनं तंगूसच्या, म्हणजे नायलॉनच्या, दोऱ्यानं बिघडलेली असतात. तुटक्या जाळ्याचा हा दोरा पंख्याला गुंडाळतो आणि सरकत सरकत पंख्यामागं शाफ्टवर जाऊन बसतो. तिथं रबरी सील असतं. दोरा ते कापतो, गिअरमध्ये पाणी शिरतं आणि मालकाला पत्ता लागतो तो दातरे गेल्यावर.

पाण्यावर ओळीनं बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की खाली जाळं आहे असं धरा आणि शेवटच्या बाटलीच्या बाहेरून वळसा घ्या. वळसा शक्य नसेल तर मशिन बंद करून वर उचला, वल्ह्यानं पलीकडं जा. रात्री जाळी पाण्यातच असतात, तेव्हा अंधारात मशिन पळवू नका.

धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापराचं पाणी संपून मृतसाठा उरला, की जास्त जपा. 117 टीएमसीच्या उजनीत निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, म्हणून मायनसमध्येही होड्या चालतात. पण बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं पाण्याच्या तोंडाशी येतात. शेतकरी पाण्यामागं मोटारी सरकवत नेतात, त्यांच्या केबली आणि दोर काठाला पडलेले असतात. केबलीत करंट असू शकतो, हात लावू नका. काठाजवळ आलात की मशिन वर, वल्हं हातात.

मशिनचा आवाज अचानक जड झाला, होडी थरथरली, तर रेस वाढवू नका. त्यानं दोरा आणखी आवळतो. मशिन बंद करा, सेफ्टीची दोरी (जी काढली की मशिन सुरू होत नाही ती) उपसून खिशात घाला, गिअर न्यूट्रलला. वारं असेल तर आधी नांगर टाका. मग मशिनचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, वर उचलून गुंडाळी एका रेषेत आडवी कापा, पंखा उलटा फिरवत सोडवा. बोथट विळ्यानं ओढाताण केली की हातच कापतो. पाण्यात तर उतरूच नका.

पंखा मोकळा झाला म्हणजे काम संपलं, असं नाही. त्याच दिवशी स्प्लिट पिन काढा, नट सोडवा, पंखा बाहेर घ्या. सीलपाशी एकही तार राहता कामा नये. खालचा स्क्रू ढिला करून गिअर ऑईल बघा. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय, सील बदला. शाफ्टला ग्रीस लावा आणि पिन नवीनच घाला, ती काही महाग नसते.

जलपर्णीचं दुखणं वेगळं. ती पंख्याला अडकली तर दोन-तीनदा थोडं रिव्हर्स मारलं की बहुतेक सुटते. पण मशिन थंड ठेवायला पाणी खेचायची जाळीही ती बुजवते. मागची पाण्याची धार बंद झाली की ताबडतोब मशिन बंद. नाहीतर मशिन तापून पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो.

पंख्याभोवती लोखंडी पिंजरा बसवा म्हणून काहीजण मागं लागतात. दगडाला, ओंडक्याला ठीक आहे, पण होडीचा वेग कमी होतो आणि दोरा आत गेला तर काढायला हात पोचत नाही. जाळ्यांच्या पाण्यात मी तो बसवून देत नाही.