रस्त्याच्या आराखड्यासाठी लायडारचे बिंदू कमी कसे करावेत

लायडार सर्वेक्षणातून (लेझर किरणांनी केलेल्या जमिनीच्या मोजणीतून) आलेली काही कोटी बिंदूंची फाइल रस्त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उघडली, तर संगणक तिथेच बसतो. म्हणून बिंदू कमी करावेच लागतात. मात्र ‘दर पाच मीटरला एक बिंदू ठेवा’ हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नये.

प्रथम लास फाइलमधला (लायडारचे बिंदू साठवण्याच्या नेहमीच्या फाइलमधला) वर्ग 2, म्हणजे फक्त जमिनीचे बिंदू वेगळे काढावेत आणि जमिनीच्या खाली गेलेले चुकार बिंदू पुसावेत.

गाळणी लावण्याआधी ब्रेकलाइन, म्हणजे जमिनीचा उतार जिथे एकदम बदलतो त्या रेषा, आखाव्यात: डांबराची कड, गटाराच्या कडा आणि तळ, कटिंगचा माथा व पायथा, भातखाचरांचे बांध, ओढ्याचे काठ. कोकणातल्या एका घाटरस्त्याच्या कामात मी ब्रेकलाइन नंतरसाठी ठेवल्या आणि आधी पाच मीटरच्या जाळीने बिंदू गाळले. बिंदू जोडून जमिनीचा पृष्ठभाग बनवणाऱ्या त्रिकोणांनी मीटरभर रुंदीचे गटार सरळ ओलांडले, कटिंगचा उभा माथा बोथट झाला, आणि कॉन्टूर (समान उंचीच्या रेषा) इतके गुळगुळीत आले की काम उत्तम साधले, असेच मला वाटले. चूक कळली ती आडवे छेद काढल्यावर. एकाही छेदात गटार नव्हते.

गाळणी अंतरावर न लावता उंचीतल्या फरकावर लावावी. एखादा बिंदू काढल्यावर त्या जागची त्रिकोणी जाळ्याची उंची ठरवलेल्या मर्यादेपलीकडे बदलत असेल, तरच तो ठेवावा. मग माळावर बिंदू आपोआप विरळ होतात आणि दरडीवर दाट राहतात. मोकळ्या जमिनीवर मी 10 सेंटिमीटरची मर्यादा ठेवतो आणि त्रिकोणाची बाजू 20 मीटरपेक्षा लांब होऊ देत नाही. मर्यादा फार बारीक करण्याचा हव्यास मात्र नको, कारण मोजणीतच 5 सेंटिमीटरची थरथर असताना 2 सेंटिमीटरची मर्यादा लावली, तर ती थरथरच निगुतीने जपली जाते.

जाळीच्या प्रत्येक चौकोनातला सर्वांत खालचा बिंदू निवडण्याची सोय तर वापरूच नये. त्यामुळे जमीन सरासरी 5 सेंटिमीटर खाली गेली, तर 20 मीटर रुंदीच्या भरावात किलोमीटरमागे 1000 घनमीटर माती कागदावर वाढते, आणि बिलाच्या वेळी तिचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

शेवटी मूळ व गाळलेल्या पृष्ठभागांतील फरक तपासावा, विशेषतः मोऱ्यांजवळ. टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या यंत्राने) घेतलेले काही आडवे छेदही ताडून पाहावेत. त्यांतले बिंदू जाळे तयार करताना वापरलेले नसावेत.