जँगोच्या कॅशसाठी रेडिस जोडताना

जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये कॅशची, म्हणजे पुन्हा लागणारी माहिती तात्पुरती जपून ठेवणाऱ्या साठ्याची, वेगळी मांडणी केली नाही, तर प्रत्येक प्रोसेस स्वतःच्या मेमरीत स्वतंत्र कॅश ठेवते. सर्व्हरवर गनिकॉर्न या जँगो चालवणाऱ्या प्रोग्रामचे चार वर्कर (स्वतंत्र प्रोसेस) चालू असतील, तर एका वर्करने पुसलेली नोंद उरलेल्या तिघांकडे तशीच राहते आणि वापरकर्त्याला कधी नवी, तर कधी जुनी माहिती दिसते. त्यामुळे सर्व वर्करना सामाईक असा साठा लागतो, आणि मेमरीत नोंदी ठेवणारा रेडिस हा सर्व्हर तो पुरवतो.

डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या जँगो ४.० पासून रेडिसचा अडॅप्टर जँगोमध्येच अंतर्भूत आहे. रेडिस सर्व्हर चालू करून पायथनची रेडिस लायब्ररी पिपने बसवावी, सेटिंग्जच्या फाइलमधील कॅशच्या डिक्शनरीत ‘डीफॉल्ट’ या नावाखाली बॅकएंड म्हणून रेडिसचा क्लास लिहावा, आणि लोकेशनमध्ये सर्व्हरचा पत्ता, ६३७९ हा पोर्ट व डेटाबेसचा क्रमांक द्यावा. टाइमआउट दिला नाही, तर नोंद ३०० सेकंद टिकते. शून्य दिल्यास ती साठवलीच जात नाही आणि ‘नन’ दिल्यास तिला मुदतच राहत नाही.

खरी काळजी घ्यावी लागते ती यापुढे. एकाच रेडिसवर दोन संकेतस्थळे असतील, तर चाव्यांची (नोंदींच्या नावांची) टक्कर टाळण्यासाठी प्रत्येकाला वेगळा की-प्रीफिक्स, म्हणजे चावीच्या सुरुवातीला लागणारा शब्द, द्यावा. पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण कॅश रिकामा करण्याची ‘क्लिअर’ ही आज्ञा प्रीफिक्स न पाहता तो संपूर्ण डेटाबेस पुसून टाकते. म्हणून डेटाबेसचा क्रमांकही वेगळा ठेवावा. मुळात असे सोळा डेटाबेस उपलब्ध असतात.

मेमरीची मर्यादा मात्र डेटाबेसनिहाय नसते, ती संपूर्ण रेडिसला मिळून एकच असते. चौसष्ट बिटच्या यंत्रावर मुळात मर्यादाच नसते, आणि केवळ मर्यादा घातली तर ती भरल्यावर नव्या नोंदी नाकारल्या जातात. तेव्हा रेडिसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मॅक्समेमरी’सोबत सर्वांत जास्त काळ न वापरलेल्या चाव्या काढून टाकणारे धोरणही लिहावे. त्याच रेडिसमध्ये सेशन (लॉगिनच्या नोंदी) किंवा पार्श्वभूमीत कामे चालवणाऱ्या सेलरीची रांग असेल, तर हे धोरण त्यांनाही हात लावते आणि लोक अचानक लॉगआउट होतात. अशा वेळी दुसरे रेडिस चालवणे हाच माझ्या मते सरळ मार्ग आहे.

अडॅप्टर पायथनच्या वस्तू पिकल करून, म्हणजे वाचताना कोड चालवू शकणाऱ्या स्वरूपात, साठवतो, त्यामुळे रेडिसमध्ये लिहू शकणारा कोणीही आपल्या सर्व्हरवर कोड चालवू शकतो. पोर्ट बाहेरच्या जगाला मुळीच उघडा ठेवू नये आणि पासवर्ड घालावा.

पडताळणीसाठी एका शेलमध्ये किंमत साठवून ती दुसऱ्या शेलमधून वाचावी. त्यानंतर चाचणीच्या सर्व्हरवर रेडिस मुद्दाम बंद करून पाहावे: हा अडॅप्टर जोडणीची चूक गिळत नाही, म्हणून कॅशवर अवलंबून असलेले पान ५०० ची त्रुटी दाखवते, आणि ती कोठे हाताळायची हे आपल्याच कोडमध्ये ठरवावे लागते.