स्पर्धेचे फोटो विकायचेत? आधी सह्या गोळा करा

उघड्या मैदानावरच्या सामन्याचे फोटो काढायला सहसा कुणाची परवानगी लागत नाही. विकताना मात्र लागू शकते, आणि ती लागते का व कुणाची, ते गिऱ्हाइकावर ठरतं.

कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलीचा फोटो तिच्याच घरच्यांनी प्रिंटसाठी घेतला, तर कागदपत्रांचा फारसा प्रश्न येत नाही. तोच फोटो दैनिकाने सामन्याच्या बातमीसोबत छापला तरी सहसा सही लागत नाही. फोटोओळीतलं नाव, ठिकाण आणि तारीख खरी हवी. पण बूट कंपनीने तो वापरला किंवा गावातल्या अकादमीने प्रवेशाच्या फ्लेक्सवर लावला, की ती जाहिरात झाली. मग ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या: चढाई करणारीची, आणि तिला पकडणाऱ्या चौघींचीही. चेहरा वळलेला असला तरी पाठीवरच्या नाव-नंबरावरून खेळाडू ओळखू येतो. अकादमी आपल्यातलीच म्हणून सही राहून जाते आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

फोटो मुळात तुमचा आहे का, हेही बघा. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे फोटो काढणारा हा पहिला मालक. मात्र कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे आयोजकांकडून मानधन घेऊन तेच फोटो खेळाडूंना विकणं अडचणीचं. काम घेतानाच पत्रात एक ओळ घाला: ‘छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, आयोजकांना स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी ती वापरता येतील.’ दोघांच्या सह्या हव्यात.

प्रवेश अर्जात ‘छायाचित्रे वापरण्यास हरकत नाही’ असं छापलेलं असतं, पण ती संमती आयोजकांपुरती असते. अर्ज छापायला जाण्याआधी त्यात ‘व त्यांनी नेमलेले छायाचित्रकार’ हे शब्द आणि ‘खेळाडूंना विक्रीसाठी’ हा हेतू घालून घ्या. जाहिरातीसाठी तेवढंही पुरत नाही.

खरी कसरत मुलांच्या बाबतीत. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात; शेवटच्या गटात सज्ञान-अज्ञान मिसळलेले, म्हणून जन्मतारीख पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. 18 पूर्ण नसलेल्याने केलेला करार भारतीय करार कायदा 1872 नुसार टिकत नाही. क्रीडाशिक्षक किंवा टीम मॅनेजरची सही उपयोगाची नाही. आई, वडील किंवा कायदेशीर पालकच हवेत. सामन्याच्या दिवशी ते बहुधा मैदानावर नसतात, त्यामुळे संमतीचे कोरे अर्ज आठवडाभर आधी शाळेत पोचवा आणि संघाच्या यादीबरोबर भरून मागा.

अर्ज एकाच पानाचा आणि पालकांना कळेल अशा मराठीत असावा. फोटो स्टॉक संस्थेला (फोटोंचा साठा ठेवून ते वापरण्याचे हक्क विकणाऱ्या कंपनीला) द्यायचा असेल तर अर्जाचा मजकूर त्यांच्या इंग्रजी नमुन्यातला घ्या आणि सही घेण्याआधी तो समजावून सांगा. खेळाडूचं नाव, जन्मतारीख, संघ, जर्सी नंबर, स्पर्धा व तारीख, फोटोग्राफरचं नाव, पालकाचं नातं व सही, साक्षीदाराची सही. ‘सर्व वापरासाठी’ असं मोघम लिहू नका. ‘छापील व ऑनलाइन जाहिरात, भारतात, पाच वर्षे’ असं स्पष्ट लिहा. दारू, तंबाखू, जुगार आणि राजकीय प्रचार वगळल्याचं लिहिलं की पालक लवकर तयार होतात. मोबदलाही नोंदवा, मग ते 100 रुपये असोत की 8 × 12 इंचांची एक प्रिंट. मोबदल्याशिवायचा करार सहसा टिकत नाही.

सही झालेला कागद लगेच मोबाईलवर टिपून फाइलला तारीख, संघ आणि जर्सी नंबर असं नाव द्या. नंतर दोन संघांतले ‘7 नंबर’ एकमेकांत मिसळतात आणि भलत्याचाच कागद जोडला जातो. सही नसलेले फोटो स्टॉक संस्थेकडे ‘एडिटोरियल’, म्हणजे फक्त बातम्या-लेखांसाठी, म्हणूनच पाठवा. जाहिरातीसाठी द्यायच्या फोटोतून जर्सीवरचे लोगो आणि मागचे प्रायोजकांचे बॅनरही काढावे लागतात, त्यामुळे चौकट निवडतानाच पार्श्वभूमी बघा.

ऑनलाइन गॅलरीत मुलांचे फोटो पासवर्डमागे ठेवा. नावावरून शोध नको, जर्सी नंबर पुरे. नमुना प्रत साधारण 1000 पिक्सेलची, वॉटरमार्कसह. जलतरण आणि जिम्नॅस्टिक्समध्ये पोशाखामुळे अवघडलेली वाटणारी चौकट विक्रीला लावूच नका, पालकांची सही असली तरी. कुणी फोटो काढून टाका म्हटलं, तर आधी गॅलरीतून उतरवा. सहीचा कागद नंतर शोधा.