बालशिक्षण शिकायला निघालात? आधी एक जाड वही घ्या

माझी आई जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीत अंगणवाडी सेविका होती. मी होम सायन्सला प्रवेश घेतला तेव्हा घरच्यांनी विचारलं, "पोरं सांभाळायला पदवी कशाला लागते?" आईने उत्तर दिलं नाही, पण फीचे पैसे तिनेच भरले. आज मी पुण्यात बांधकामांवरच्या आणि वस्त्यांमधल्या बालवाड्यांचं काम पाहते. दर वर्षी फिल्डवर्कसाठी विद्यार्थिनींची एक तुकडी माझ्याकडे येते, अधूनमधून एखादा विद्यार्थीही. त्यांना पहिल्या आठवड्यात जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी प्रवेशाचं. माहितीपत्रकात 'बालशिक्षण' हा शब्द शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही. हा विषय वेगवेगळ्या नावांखाली शिकवला जातो: मानव विकास, गृहविज्ञान, बालविकास, विस्तार शिक्षण, समाजकार्य. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात मानव विकासाचा विभाग आहे. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पूर्वीच्या होम सायन्स विद्याशाखेचं नावच आता कुटुंब आणि समुदाय विज्ञान असं आहे, आणि तिथल्या मानव विकास विभागाची स्वतःची चेतन बालवाडी आहे. घर, नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) या विषयातली पदविका बारावीनंतर करता येते. मी प्रत्येकीला एकच निकष सांगते. विभागाला जोडलेली बालवाडी आहे का आणि फिल्डवर्क किती दिवसांचं आहे, हे आधी विचारा. इमारत, ग्रंथालय, वसतिगृह हे सगळं त्यानंतर.

आता वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. ती निरीक्षणाची वही, आणि माझ्या मते अर्धी पदवी तिच्यातच मिळते.

माझं पहिलं निरीक्षण चार ओळींचं होतं. एका बांधकामावरच्या बालवाडीत दाराजवळ बसून राहणारी साडेतीन वर्षांची मुलगी. मी लिहिलं: "मुलगी लाजाळू आहे. मिसळत नाही. थोडी हट्टी वाटते." आमच्या बाईंनी लाल पेनने 'लाजाळू', 'हट्टी', 'मिसळत नाही' हे तिन्ही शब्द खोडले आणि समासात लिहिलं, "हे तुमचं मत झालं. दिसलं काय?" मला रडू आलं होतं. दुसऱ्या दिवशी घड्याळ समोर ठेवून बसले आणि लिहिलं ते असं:

"दहा वाजून दहा मिनिटं. दाराजवळच्या पोत्यावर बसली आहे. उजव्या हातात चप्पल. तीन मुलं ठोकळ्यांशी खेळतात, त्यांच्याकडे पाहते. पंधरा मिनिटांत चार वेळा उठली, दोन पावलं पुढे गेली, परत बसली. ताईंकडे पाहून 'नीरु' म्हणाली. ताई म्हणाल्या, 'नीरू आज आली नाही गं.' पुन्हा म्हणाली. मग चप्पल जमिनीवर आपटली."

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "ही माणसं कुठली?" मला माहीत नव्हतं. संध्याकाळी कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांकडे गेले. मुलीची आई पाटी धुऊन ठेवत होती. कलबुर्गीकडचं कुटुंब, घरात कन्नड. नीरु म्हणजे पाणी. लेकरू आठवडाभर पाणी मागत होतं आणि आम्ही तिला एका मैत्रिणीची हजेरी सांगत होतो. हातात चप्पल का, तेही त्याच संध्याकाळी कळलं. आधीच्या साइटवर तिची चप्पल हरवली होती आणि खडीवरून अनवाणी चालताना पाय कापला होता.

ही मुलगी मला विषय शिकवून गेली. म्हणून वहीसाठी तीन गोष्टी सांगते. पानाचे उभे दोन भाग करा. डावीकडे फक्त दिसलं आणि ऐकलं ते, वेळेसकट. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते, पण घरी आल्यावर. एका मुलाचं एका वेळी पंधरा मिनिटंच लिहा, त्याहून जास्त वेळ लक्ष टिकत नाही आणि माणूस मनाचं लिहायला लागतो. मूल जे बोललं ते जसंच्या तसं लिहा, अर्थ लागला नाही तरी. मी 'नीरु'च्या जागी 'काहीतरी पुटपुटली' असं लिहिलं असतं तर बाईंनी तो प्रश्न विचारलाच नसता.

सिद्धांत अवघड जातात, अशी बहुतेकींची तक्रार असते. पियाजे, व्हिगॉट्स्की, एरिक्सन ही मानसशास्त्रज्ञांची नावं पाठ करून परीक्षा निघते, पण वर्षभरात काही उरत नाही. प्रत्येक सिद्धांत वाचताना वहीतलं एक मूल समोर धरा. मूल आणि त्याचा भोवताल यांचा सिद्धांत मांडणारा ब्रॉन्फेनब्रेनर मला असा समजला. त्याने 1979 साली मांडलेल्या सिद्धांताच्या आकृतीत मूल मध्यभागी असतं, भोवती घर-शाळा, त्याबाहेर आईवडिलांचं कामाचं ठिकाण, त्याहीबाहेर समाजाच्या रीती आणि धोरणं, अशी वर्तुळं. मी मध्यभागी त्या मुलीचं चित्र काढलं. पहिल्या वर्तुळात पत्र्याची खोली आणि कन्नड न येणारी बालवाडी. दुसऱ्यात मुकादम, कारण साइट कधी बदलणार ते त्याच्या हातात. सगळ्यात बाहेर कायदा. शिक्षण हक्क कायद्यातला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सहा वर्षांपासून सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी 2002 च्या 86व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद 45 आहे, पण तिथे शासनाने 'प्रयत्न करावा' एवढंच म्हटलं आहे. माझ्या त्या मुलीचं सगळं बालपण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चाललं होतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत स्तर मानला. ते चांगलंच झालं, पण तो तुमच्या वस्तीत कुठवर पोचला आहे ते स्वतः जाऊन बघा.

यावरून एक ध्यानात घ्या. बालशिक्षणाचा पेपर वेगळा आणि समुदाय विकासाचा वेगळा, हे वेळापत्रकातलं खरं, वस्तीतलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम याच कारणासाठी नीट समजून घ्या. ताराबाईंनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पोरं का येत नाहीत, हे त्यांनी पोरांच्या घरी जाऊन पाहिलं होतं. देशात 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली त्याच्या कितीतरी आधी हे घडलं आहे.

वस्तीत जाताना पहिल्या दिवशी फॉर्म नेऊ नका. सर्वेक्षणाचा कागद दिसला की लोकांना वाटतं, घरं पाडायला आले किंवा रेशन कार्ड तपासायला आले. पहिले तीन-चार दिवस नुसतं फिरा. पाणी कधी येतं, बायका कामाला किती वाजता निघतात, मोठी बहीण लहान भावाला कडेवर घेऊन कुठे बसते, हे पाहा. सेविकेला, आशाताईला आणि बचत गटाच्या बाईंना भेटा, पण मदतनीस ताईंना विसरू नका. कुठल्या घरात कालपासून चूल पेटलेली नाही हे त्यांना माहीत असतं. मातांची बैठक तुमच्या सोयीने दुपारी बाराला ठेवलीत तर कोणी येणार नाही. आमच्याकडे ती रविवारी सकाळी, पाणी भरून झाल्यावर भरते.

अंगणवाडीत महिना काढा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण-आरोग्य शिक्षण आणि शालेयपूर्व शिक्षण या सहा सेवा पुस्तकात एका ओळीत येतात. प्रत्यक्षात एकच बाई एकाच सकाळी गाणी घेते, खिचडीवर लक्ष ठेवते, वजन करते आणि मोबाइलवर नोंदी भरते. तिच्या चुका मोजायला जाऊ नका. वजनकाटा शून्यावर आणणं, उंची नीट घेणं, दंडघेराची पट्टी बांधणं तिच्याकडूनच शिका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर ते अतितीव्र कुपोषण. तो आकडा वहीत लिहून घरी जायचं नसतं, त्याच दिवशी सेविकेला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं असतं.

साहित्य विकत आणू नका. चिंचोके, काड्या, बाटल्यांची झाकणं, जुन्या साडीच्या चिंध्या पुरतात. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके, मणी देऊ नका, ती तोंडात घालतात. आणि मुलांचे फोटो आपल्या स्टेटसवर टाकू नका. वहीतही खरं नाव न लिहिता एखादं अक्षर लिहा.

इंग्रजी माध्यमाची भीती वाटत असेल तर वहीच्या मागच्या पानांवर शब्दयादी करत जा. जर्नल दर आठवड्याला पूर्ण करा, शेवटच्या रात्री लिहिलेलं व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, लगेच ओळखू येतं. इतकं पुरे.

फिल्डवर्क संपायच्या आठ दिवस आधी मुलांना सांगायला लागा की तुम्ही जाणार आहात. भिंतीवर आठ ठिपके काढा, रोज एक पुसा. न सांगता निघून जाणारी माणसं या मुलांनी भरपूर पाहिलेली असतात. मी निघाले त्या दिवशी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून माठाच्या वर टांगलं होतं: नीरु म्हणजे पाणी, हालु म्हणजे दूध, अव्वा म्हणजे आई, बा म्हणजे ये. यादी मुलीच्या आईने सांगितली होती. पाठच्या बाजूला पुढच्या शब्दांसाठी जागा कोरी ठेवली.