नवी गाडी सारखी बिघडतेय? केस हातची घालवणाऱ्या या चुका टाळा

गाडी घेऊन दोन महिने झालेत, पेढे वाटून झालेत, बोनेटवरचं स्वस्तिक अजून पुरतं पुसलं गेलेलं नाही आणि पवईच्या चढाला गिअर अडकायला लागलाय. अशा वेळी माणूस शोरूममध्ये जाऊन आवाज चढवतो. ज्याच्यावर चढवतो त्या सेल्समनच्या हातात काहीच नसतं. गाडी विकली, त्याचं काम संपलं. पुढे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या ग्राहक आयोगात तुमच्या बाजूने बोलतं ते सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तयार होणारं जॉबकार्ड, म्हणजे तुमची तक्रार नोंदवलेला कागद, आणि नेमकं तेच न वाचता लोक सही करतात.

जॉबकार्ड न वाचता सही

तुम्ही सांगता, "सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकला की खडखड आवाज येतो, आणि एसी चालू असताना सिग्नलला दोनदा बंद पडली." समोरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर टॅबवर टाइप करतो, "जनरल चेकअप, आवाज तपासणे." संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून चकाचक मिळते आणि शेरा असतो, "टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही." असं चार वेळा झालं की कागदोपत्री तुम्ही चार वेळा जनरल चेकअपला आलेले हौशी ग्राहक ठरता. कंपनीचा वकील आयोगापुढे हेच चार कागद ठेवतो.

म्हणून तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: दोष कधी येतो, किती वेगाला येतो, किती किलोमीटरला पहिल्यांदा जाणवला. अ‍ॅडव्हायझर लिहायला कां कू करत असेल तर तिथेच उभं राहून सर्व्हिस सेंटरला ईमेल टाका आणि कंपनीच्या कस्टमर केअरला त्याची प्रत पाठवा. सकाळचा दोष दुपारी दोनला दिसणार नाही, तेव्हा गाडी रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी मेकॅनिकला शेजारी बसवून स्वतः चालवून दाखवा. गाडी परत घेताना बिलही मागून घ्या. वॉरंटीतल्या कामाचं बिल शून्य रुपयांचं असतं, त्यामुळे बहुतेक जण ते काउंटरवरच सोडून येतात. कुठला पार्ट कितव्यांदा बदलला याचा पुरावा त्याच शून्याच्या बिलात असतो.

मग येतो त्या अ‍ॅडव्हायझरचा फोन. "साहेब, कंपनीतून विचारतील, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह कापतात." पोरगा चांगला असतो, आपल्यालाही दया येते. पण समाधानी ग्राहक म्हणून तुमची नोंद झाली की तीही उद्या तुमच्याविरुद्ध निघू शकते. त्याची वागणूक उत्तम होती म्हणा आणि त्याच वाक्यात दोष तसाच आहे हेही सांगा.

दोषाचा व्हिडिओ काढलात तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. वॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत लंगडी पडते. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडण्याची रीत आहे, आणि मूळ फोन हाताशी असला की ते देणं सोपं जातं.

पासिंगनंतर गाडी पाहणं

मुहूर्त गाठायच्या घाईत गाडी पहिल्यांदा नीट पाहिली जाते ती हार घातल्यावर. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली आरटीओचा नंबर पडण्याआधीच यार्डात जाऊन चासी नंबर, ओडोमीटर, टायर आणि रंगाची टचिंग पाहून घ्या. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी कुठल्या महिन्यात आणि वर्षात बनली ते असतं. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने २०११ मध्ये, वापरलेली २००९ ची गाडी नवी म्हणून गळ्यात मारली होती. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०२१ मध्ये कोर्टाने डीलरची जबाबदारी कायम ठेवली, पण गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण डीलरच्या या उद्योगाची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. तक्रारीत डीलर आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, पण कोणाची चूक काय ते वेगवेगळं मांडा.

स्वतःच्या हाताने वॉरंटीला भोक पाडणं

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर म्युझिक सिस्टिम आणि फॉग लॅम्प स्वस्तात बसतात, हे खरं. पण वायरिंग कापून जोडलेलं दिसलं की इलेक्ट्रिकल तक्रारीवर कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं. पावसाचंही तसंच. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही पुन्हा पुन्हा स्टार्टर मारलात, तर इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हा उत्पादनातला दोष नव्हे. तो विम्याचा प्रश्न, आणि तिथेही इंजिन प्रोटेक्ट कव्हर घेतलेलं नसेल तर वाद ठरलेला.

"मला नवीनच गाडी पाहिजे"

एवढीच मागणी करून अडून बसणं ही महागात पडणारी चूक. आपल्याकडे अमेरिकेसारखा खास लेमन कायदा, म्हणजे सारख्या बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठीचा वेगळा कायदा, नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन आहे, अख्खी गाडी बदलून देण्याचं नाही. गाडी बदलून हवी तर दोष मुळातला आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे दाखवावं लागतं. त्यासाठी स्वतंत्र ऑटोमोबाइल तज्ज्ञाचा अहवाल जोडा किंवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ खाली तपासणीची मागणी करा. नुसतं "गाडी बेकार आहे" यावर फारसं काही मिळत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. समोरून जोरदार धडक होऊनही एअरबॅग उघडल्या नाहीत अशा ह्युंदाईच्या प्रकरणात २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. वेग आणि आघाताचं गणित ग्राहकाने मांडावं अशी अपेक्षा करता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. सुरक्षेचा दोष इतका उघड असेल तर तुमचं पारडं बरंच जड असतं.

मागण्या उतरत्या क्रमाने लिहा: गाडी बदलून द्या, नाहीतर किंमत परत करा, नाहीतर अमुक भाग बदलून वॉरंटी वाढवा, आणि भरपाई. आणखी एक, गाडी सदोष म्हणायची आणि तिनेच दर शनिवारी लोणावळा करायचं, हे जमत नाही. ओडोमीटर सगळं सांगतो.

बाकीच्या नेहमीच्या चुका

हप्ता थांबवू नका. कर्ज तुमच्या आणि बँकेच्या मधलं आहे. डीलरवरचा राग सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, निघतो.

"पुढच्या महिन्यात कंपनीचा इंजिनीअर येतोय" या आशेवर बसू नका. आयोगात तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवून द्यावं लागतं.

आरटीओत किंवा पोलीस ठाण्यात चकरा मारून सदोष गाडी बदलून मिळत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; काही प्रकरणं तिथेच मिटतात. सल्ला हवा असेल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे. नाहीच मिटलं तर गाडीसाठी ५० लाखांपर्यंत रक्कम मोजली असेल तेव्हा जिल्हा आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार चालते. शोरूम ठाण्यात म्हणून ठाण्याला जायची गरज नाही. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही.

व्यावसायिक वापराच्या गाडीसाठी ग्राहक म्हणून तक्रार चालत नाही, पण स्वतः चालवून पोट भरणारा टॅक्सीवालाही ग्राहकच आहे. गाडी कंपनीच्या नावावर पण डायरेक्टरच्या वापरासाठी असेल तर तेवढ्यावरून ती व्यावसायिक ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये मर्सिडीजच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

तडजोडीचा कागद

नोटीस गेली की शोरूमच्या मालकाचा फोन येतो. दोन सर्व्हिस फुकट, वाढीव वॉरंटी, वर सीट कव्हर. तडजोड वाईट नसते, पण त्या कागदावर "फुल अँड फायनल" असेल तर तोच दोष पुन्हा आल्यावर तुम्ही रिकाम्या हाताने उभे राहता. तक्रार दाखल झालेली असेल तर तडजोड आयोगासमोर नोंदवून तसा आदेश घ्या. मग तो पाळला नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शोरूममधल्या साध्या कागदाला ही धार नसते.