लस दिली तरी कोंबड्यांना मानमोडी (राणीखेत रोग) आली? या चुका टाळा

‘लस बोगस निघाली’ हे ऐकून कान किटले. लस बोगस असतेही, पण क्वचित.

लाखांदूरकडच्या एका शेडात लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, दोन्ही वेळा दिलेली, तरी पाचव्या आठवड्यात पक्षी माना टाकू लागले. मालक दुकानदाराशी भांडायला निघालेला. म्हटलं, “थांब ना गा, आधी मेलेला पक्षी फाडू.” सगळे काळीज-फुप्फुस पाहतात. मी आधी गुदद्वाराच्या वर, पाठीच्या बाजूला असलेला बर्सा, म्हणजे छोट्या पिशवीसारखा अवयव, काढून प्लीहेशेजारी ठेवतो. या वयात तो प्लीहेपेक्षा मोठा हवा. तिथं निम्माही नव्हता.

अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी घडतात बर्सात. पिल्लू अंड्यात असतानाच मूळ पेशी तिथल्या हजारो कप्प्यांत शिरतात आणि आजूबाजूच्या अस्तराच्या इशाऱ्यांवर जगतात, वाढतात. बहुतेक तिथंच मरतात. ज्या नीट घडल्या त्याच रक्तात जातात. लहानपणीच बर्सा काढलेल्या बहुतेक कोंबड्या अँटिबॉडी बनवत नाहीत, हे अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्येच दाखवलं. गंबोरो या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू नेमका इथं घाव घालतो. पहिल्या तीन आठवड्यांत लागण झाली तर मर फारशी दिसत नाही, पण बर्सा आतून बसतो. पऱ्हेच जळाले तर रोवणी कशाची करणार? लासोटा मग कितीही पाजा.

एक चूक उतावीळ नवख्यांची: गंबोरोची कडक लस पहिल्याच आठवड्यात देऊन मोकळं होणं. कोवळ्या पिल्लाच्या बर्साला ती लसच इजा करू शकते. सौम्य लस फार लवकर दिली, तर आईकडून आलेल्या अँटिबॉडी ती वाया घालवतात. मी हॅचरीला मादीच्या लसीकरणाचं विचारल्याशिवाय दिवस ठरवत नाही.

क्लोरीनच्या पाण्यात लस नको. बिनक्लोरीनचं पाणी मिळणं शक्यच नसेल तर आधी त्यात स्किम मिल्क पावडर, लिटरला अडीच ग्रॅम.

जुन्या तुसावर नवी बॅच नको. हा विषाणू शेडात महिनोन्‌महिने टिकतो, वरवर चुना मारून जात नाही.

टॉनिकवर पैसे घालवू नका.

आणि एकच पक्षी फाडून निकाल देऊ नका. ताजे मेलेले तीन-चार घ्या. लागण नवी असेल तर बर्सा उलट सुजून दुप्पट होतो, आठवडाभरात आक्रसतो. ‘मोठा आहे, म्हणजे झकास’ म्हणण्याआधी वर पिवळट चिकटा आहे का बघा, मग चिरून आत रक्त आहे का तेही बघा.